घोडा कुणाचा? लांबच्या दौडीतले कडक नियम आणि सैल नियम

कापूस घरात यायला लागला, थंडी पडली, की आमच्या हिवरखेडच्या बाजूला शंकरपटाच्या गोष्टी सुरू होतात. आणि पटाची गोष्ट निघाली की एक वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, "एवढे कागद, एवढे दाखले कशाले पाहिजेत? आपल्या बापजाद्यांनी नियम वाचून पट भरवले होते का?" दुसरा म्हणतो, "नियम मानले म्हणून पट पुन्हा सुरू झाले, नाही तर बंदच होते." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.साठी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर काम करतो: श्रम केल्यावर जनावराचं हृदय किती वेळात पूर्ववत होतं? विषय शरीरशास्त्राचा आहे. पण वाचता वाचता लक्षात आलं, की जनावराला किती पळवायचं आणि कुठे थांबवायचं, यावर माणसांनी शेकडो वर्षं डोकं लावलंय. त्यातली सगळ्यात भरघोस नोंद घोड्यांची आहे. म्हणून आज बैलजोडी थोडा वेळ गोठ्यात राहू द्या, आपण घोड्यावर बसू. शेवटी पटावर परत येऊच.

आधीच सांगून ठेवतो, मला या इतिहासात काय दिसलं ते. "नियम कडक असावेत की सैल?" या प्रश्नाला थेट उत्तर नाही. त्याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात. जनावर मेलं तर नुकसान कुणाचं? आणि थांबायचं कुणी ठरवायचं? ही दोन उत्तरं मिळाली, की कुठे कडक व्हायचं आणि कुठे सैल सोडायचं, ते बऱ्यापैकी आपोआप कळतं.

पागेतला घोडा

सुरुवात १६७३ च्या एका पत्रापासून करू. पावसाळ्याच्या तोंडावर शिवाजी महाराजांची फौज चिपळूणच्या बाजूला छावणीला होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात महाराजांनी तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पत्र लिहिलं. रयतेला त्रास देऊ नका, असा आदेश देणारं पत्र म्हणून ते आपल्याला माहीत असतं. पण पशुशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते वाचलं, तर ते आधी घोड्यांच्या खाण्याच्या हिशोबाचं पत्र वाटतं.

त्यातला मुद्दा असा. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण मोजून साठवलेली आहे. सुरुवातीलाच हवी तशी उधळली, तर ऐन पावसात काही मिळणार नाही आणि घोडे उपाशी मरतील. मग ते घोडे तुम्हीच मारले, असा त्याचा अर्थ होईल. आणि वैरण संपली की माणसं गावात शिरतील, कुणब्याचं धान्य, गवत, भाजी ओढून आणतील. आग लागू नये म्हणून दिवे कसे ठेवायचे, जळती वात उंदराने नेली तर गंजीचं काय होईल, इथपर्यंत सूचना आहेत. यात सवलतीला जागाच नाही. सगळे नियम कडक.

का बरं? कारण ते घोडे स्वारांचे नव्हते, सरकारचे होते. पागेतल्या स्वाराला बारगीर म्हणत. घोडा राज्याचा, बारगीर त्यावर बसणारा. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत या पागेची रचना दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद. मला यात गंमत वाटते ती अशी, की तलवारबाजीच्या आधी पाणी आणि खूर यांची सोय ठरलेली आहे. लांबच्या दौडीत घोडा बहुतेक वेळा या दोन गोष्टींनीच बसतो, हे आजचा कोणताही पशुवैद्य सांगेल. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर मोहीम, परत आल्यावर एकेकाची झडती, हेही ठरलेलं. मेलेल्या घोड्याचं नुकसान बारगिराच्या घरी जात नव्हतं, म्हणून काळजी त्याच्या मर्जीवर सोडून चालत नव्हतं.

शिलेदाराचा घोडा

आता दुसरा प्रकार बघा. शिलेदार. हा शब्द फारसी 'सिलाहदार' वरून आला, म्हणजे शस्त्र बाळगणारा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. कधी आपल्यासोबत आणखी चार-दहा स्वारही आणायचा. त्याला पगार मिळे, पण घोडा त्याचा. मेला तर त्याची रोजीरोटीच गेली. भरपाई मिळेलच, याची खात्री नसे.

त्याला दाणा किती घाल, पाणी कधी पाज, हे सांगायला हवालदार लागत नव्हता. आपल्या घोड्याचे कान कसे आहेत, पाऊल कुठे अडतंय, हे तो बसल्या बसल्या ओळखायचा. पेशवाईत शिलेदारांचं प्रमाण वाढलं आणि त्यांच्या जोरावर लांबच लांब दौडी झाल्या. १७२७-२८ च्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने निजामाला असं फिरवलं, की निजामाच्या तोफा आणि बाजारबुणगे मागे मागेच राहिले. त्या मोहिमेत बाजीरावाच्या फौजा आपल्या वाशीम-मंगरूळच्या मुलखातूनही गेल्या होत्या, पुढे खानदेश, गुजरात असा वळसा घालून त्यांनी निजामाला पालखेडजवळ कोंडीत पकडलं. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला. अवजड सामान नाही, वाट ठरलेली नाही, मुक्काम पाण्याच्या सोयीने. सैलपणाची याहून मोठी जाहिरात सापडणार नाही.

पण शिलेदारीला दुसरी बाजू होती. ज्याचा घोडा, तो जपून लढणार. समोरासमोरच्या धुमश्चक्रीत घोडा घालायला शिलेदार का-कू करी, ही तक्रार जुन्या काळापासून आहे. आणि स्वतःच्या घोड्यावर माया करणारा माणूस वाटेतल्या कुणब्याच्या उभ्या पिकावर तेवढीच माया करेल, असंही नाही. घोडा जगला, पण त्याच्या पोटाची किंमत कधीकधी गावाने मोजली. वऱ्हाडातल्या गावांनी ती अनेकदा मोजली आहे.

हिवरखेडच्या जवळच अडगाव बुद्रुक आहे. जुन्या मीटरगेजने अकोटहून खंडव्याकडे जाताना अडगाव गेलं की हिवरखेड स्टेशन लागायचं. त्या अडगावच्या रानात २९ नोव्हेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीची फौज आणि नागपूरकर भोसले-शिंदे यांची फौज भिडली. इंग्रजी पुस्तकांत ती 'आरगाव'ची लढाई म्हणून सापडते. संध्याकाळी भोसल्यांची फळी मोडली आणि पुढे चांदण्यात घोडदळाने कित्येक मैल पाठलाग केला. या पाठलागात कंपनीच्या मालकीच्या घोड्यांवरचे स्वार होते, तसे म्हैसूरचे स्वतःच्या घोड्यांवरचे शिलेदार स्वारही इंग्रजांच्या बाजूने होते. दोन्ही पद्धती एकाच रात्री, एकाच रानात.

इंग्रजांना ही शिलेदारी एवढी पटली, की त्यांनी ती हिंदी घोडदळात 'सिल्लादार' नावाने चालू ठेवली. स्वाराने भरती होताना आसामीची रक्कम भरायची, घोडा मेला तर वर्गणीतून जमवलेल्या चंद्याच्या निधीतून नवा घ्यायचा. शांततेच्या काळात ही व्यवस्था स्वस्त आणि चोख चालली. पहिल्या महायुद्धात मात्र ती कोसळली. घोडे इतक्या संख्येने आणि इतक्या लांबच्या मुलखात मरू लागले, की पलटणीचा निधी पुरेना आणि बदली घोडे मिळेनात. युद्धानंतर १९२१ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली. मालकाच्या काळजीवर उभी असलेली व्यवस्था मालकाच्या आवाक्यात असते तोवरच चालते, हे यातून दिसतं.

बर्लिन ते व्हिएन्ना, १८९२

आता युरोपात जाऊ, कारण लढाई नसताना, केवळ शर्यत म्हणून घोडे लांब पळवले तर काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण तिथलं आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये जर्मन लष्करी अधिकारी बर्लिनहून व्हिएन्नाकडे आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचे अधिकारी व्हिएन्नाहून बर्लिनकडे निघाले. अंतर साधारण ५८० किलोमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेच्या आसपास स्वार. वाट ज्याची त्याने निवडायची, मुक्काम ज्याचा त्याने ठरवायचा. कमीत कमी वेळात पोचायचं.

जिंकला तो ऑस्ट्रियाचा काउंट श्टारहेमबर्ग, सुमारे ७१ तासांत. त्याचा घोडा शर्यतीनंतर मेला. दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराचाही घोडा मेला. एकूण वीसहून अधिक घोडे गेले आणि युरोपभर ओरड झाली. दहा वर्षांनी, १९०२ मध्ये, ब्रुसेल्स ते ऑस्टेंड अशी दौड झाली, अंतर बरंच कमी होतं, तरी तिथेही घोडे मेले.

हे अधिकारी काही अनाडी नव्हते. उत्तम घोडेस्वार होते, कित्येकांचे घोडे स्वतःचे होते. मग शिलेदारासारखे ते जपून का गेले नाहीत? कारण इथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात देशाची आणि पलटणीची इभ्रत होती. घोड्याच्या किमतीपेक्षा बक्षीस जड झालं, की मालकही मालकासारखा वागत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा कळीचा धडा आहे, आणि पटासाठीही तोच महत्त्वाचा आहे.

घोडा स्वतः का थांबत नाही?

इथे थोडं विज्ञान सांगतो, म्हणजे पुढचा भाग कळेल. लोक म्हणतात, जनावर थकलं की आपोआप थांबतं. घोड्याच्या बाबतीत यावर भरवसा ठेवता येत नाही.

पहिलं कारण घाम. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, म्हणजे त्यात पाणी जास्त, मीठ कमी. त्यामुळे घाम गेला की आपलं रक्त खारट होत जातं, मेंदूला ते कळतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मात्र क्षार भरपूर असतात, रक्ताइतके किंवा जास्तच. पाणी आणि मीठ बरोबरीने बाहेर पडतं, रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि तहानेची घंटा वाजतच नाही. शरीरातलं पाणी घटलेला घोडा हौदापाशी उभा राहून तोंड फिरवतो. बघणारा म्हणतो, "याला तहान नाही, चला."

दुसरं कारण कळप. घोडा कळपात पळणारा प्राणी आहे. पुढे घोडे दिसले की त्याचे पाय थांबत नाहीत.

तिसरं कारण स्वार. बारा-चौदा तास खोगिरावर काढलेल्या माणसाचा स्वतःचा अंदाज ढिला पडलेला असतो. म्हणजे ज्या क्षणी सगळ्यात शहाणा निर्णय हवा, त्या क्षणी घोडा आणि स्वार दोघंही निर्णय घ्यायच्या स्थितीत नसतात. तो निर्णय तिसऱ्या कुणीतरी, खाली उभ्या असलेल्या माणसाने, काहीतरी मोजून घ्यावा लागतो.

शंभर मैल, चोवीस तास

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी नावाच्या माणसाने काही सोबत्यांना घेऊन डोंगरवाटेने शंभर मैलांची म्हणजे साधारण १६० किलोमीटरची दौड एका दिवसात पूर्ण केली. आजचे घोडे पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे म्हणणं त्याला खोडायचं होतं. त्यातून 'टेव्हिस कप' ही वार्षिक दौड उभी राहिली आणि आजच्या एन्ड्युरन्स शर्यतींचा पाया पडला.

या दौडीची रचना १८९२ च्या जवळजवळ उलटी आहे. जो कुणी २४ तासांच्या आत धडधाकट घोड्यानिशी पोचेल, त्याला चांदीचं बक्कल. पहिला येवो की शेवटचा. १९६४ पासून एक वेगळा चषक दिला जाऊ लागला, पहिल्या दहांपैकी ज्याचा घोडा सगळ्यात चांगल्या स्थितीत असेल त्याला. १९७२ मध्ये अमेरिकेत या दौडींची संघटना झाली, तिचं ब्रीद आहे: पूर्ण केलं म्हणजेच जिंकलं.

मधल्या थांब्यांवर पशुवैद्य उभे असतात. घोडा आला की ठरावीक मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या आकड्याच्या खाली यायला हवेत. आंतरराष्ट्रीय शर्यतींत वर्षानुवर्षं हा आकडा मिनिटाला ६४ राहिला आहे. विश्रांतीत घोड्याचे ठोके साधारण ३० ते ४० असतात, म्हणजे ६४ ही बरीच उदार मर्यादा आहे. तरी ती ओलांडली तर घोडा बाद. तुम्ही कोण, किती लांबून आलात, वर्गणी किती भरली, हे कुणी विचारत नाही. त्यानंतर घोड्याला दुडक्या चालीने पळवून बघतात, लंगडतोय का म्हणून. आतड्यांचा आवाज ऐकतात, हिरडी दाबून रक्त किती वेळात परत येतं ते पाहतात.

म्हणजे बघा, याच दौडीत सैलपणा किती आहे. घोडा कोणत्याही जातीचा चालतो, तट्टूसुद्धा. वाटेत उतरून पायी चाललात तरी चालतं. हळू जा, जास्त वेळ थांबा. या सगळ्या मोकळिकीच्या मध्यावर एकच खुंटा घट्ट रोवलेला आहे, आणि तो जनावराच्या शरीरात आहे. तो घट्ट आहे म्हणूनच बाकी दोर एवढा सैल सोडता येतो.

कागदावरचे नियम कधी फसतात?

यावर कुणी म्हणेल, मग झालं, ६४ चा नियम लावा आणि सुटा. तसंही नाही.

आखाती देशांत हा खेळ मोठ्या तबेल्यांच्या हाती गेला. सपाट वाळवंट, ताशी २५ किलोमीटरच्या वरचा वेग, घोडे एकाचे, बसणारा पगारी. नियमांचं पुस्तक तेच होतं, पण बारगीर परत आला होता, आणि त्याच्यावर नजर ठेवणारी पागेची शिस्त मात्र आली नाही. घोड्यांच्या मृत्यूंच्या आणि गैरप्रकारांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या, की मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेलाच निलंबित केलं. काही अटींवर त्याच वर्षी जुलैत निलंबन उठलं.

दुसरं उदाहरण १२ सप्टेंबर २०१८ चं, अमेरिकेतल्या ट्रायॉनचं. जागतिक स्पर्धा, सगळे नियम छापील. सकाळी काही स्वारांना चुकीच्या वाटेने पाठवलं गेलं, शर्यत थांबवून कमी अंतराची नवी सुरू केली आणि शेवटी उष्मा आणि दमट हवेमुळे तीही रद्द करावी लागली. ती रद्द केली हे बरोबरच होतं. पण नियम कितीही कडक असले, तरी वाटेवरच्या वळणावर झेंडी घेऊन उभा राहणारा माणूस चोख हवा, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिलं.

आता पटाकडे

कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांखाली परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्त कायदा वैध ठरवला. नियमांचा गाभा असा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अंतर १००० मीटरच्या आत, पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला, काठी-चाबूक-पराणीला मनाई. मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद.

"कास्तकार आपल्या जोडीला पोरासारखं जपतो" हे जे म्हणतात, ते खोटं नाही. तो शिलेदार आहे. पण जिथे बक्षिसाला मोटारसायकल लागते, जिंकलेल्या जोडीची बाजारातली किंमत एका दिवसात चढते, आणि धुरकरी दुसऱ्याची जोडी हाकतो, तिथे आपण १८९२ च्या वाटेवर असतो. अशा वेळी मायेवर विसंबून चालत नाही. तुतारी टोचायची नाही, हा नियम म्हणून मला कडकच हवा वाटतो. त्यात सूट नको, गावच्या जोडीलाही नको.

उलट जे सैल सोडता येईल तेही आहे. पट कोणत्या दिवशी, पट्टी किती लांब, गट किती, गावगट वेगळा ठेवायचा का, जोड्यांची वाटणी दातांवरून करायची का, हे गावानुसार बदलत आलंय आणि बदलू द्यावं. परवानगीच्या कागदांसाठी लहान गावाने तालुक्याला दहा चकरा माराव्यात, यातून एकाही बैलाचं भलं होत नाही.

एक खबरदारी मात्र सांगतो. घोड्याचा ६४ हा आकडा उचलून बैलाला लावू नका. निवांत उभ्या असलेल्या बैलाचे ठोकेच मिनिटाला ५० ते ८० च्या दरम्यान असू शकतात. शिवाय बैलाला घोड्यासारखा भरपूर घाम येत नाही, तो उष्णता बऱ्याच अंशी श्वासावाटे टाकतो. म्हणून त्याची धाप मोजणं जास्त उपयोगी. कोकेवरून, म्हणजे कुशीच्या हालचालीवरून, ती कुणालाही घड्याळ लावून मोजता येते. आणि पट तर काही सेकंदांचा. बैलाची खरी लांबची दौड त्याआधीच झालेली असते: गाडीत उभं राहून केलेला शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास, मग पाळी येईपर्यंत उन्हात आणि भोंग्यांच्या आवाजात काढलेले तास. आयोजकांना एकच गोष्ट करता येणार असेल, तर सावली, पाणी आणि उतरल्यावर किमान एक रात्र विसावा, एवढं त्यांनी पक्कं करावं.

त्यानंतर धापेची मोजणी पट्टीच्या शेवटी उभ्या असलेल्या, कुणाच्याही जोडीशी संबंध नसलेल्या माणसाने करावी, आणि त्याने "ही जोडी आता पळणार नाही" म्हटलं, की सरपंचानेही वाद घालू नये. पागेत नालबंद आणि पखालजी आधी ठरवले जात, बारगीर त्यांच्या भरवशावर दौडत. पटाच्या वर्गणीतला पहिला पैसा बक्षिसाऐवजी पाण्याच्या टाकीवर आणि या माणसाच्या मानधनावर खर्च झाला, तर बाकीच्या बऱ्याच नियमांबद्दल आपल्याला आरामात वाद घालता येईल.